मागच्या भिंतीवरची तांबडी

आधीच सांगून टाकते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. वेलांटी पहिली की दुसरी हे मला चौथीतही कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे चुका जिथल्या तिथे राहिल्या. ओळ सुरू करते तेव्हा सरळ असते, पानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत खाली उतरलेली असते. ही वही माझ्या मुलीची. तिचं लग्न होऊन ती जळगाव जामोदला गेली आणि वहीची मागची पानं कोरी राहिली. ही कोणी वाचायची नाही. तरी माफी मागून ठेवते, पुढच्या पानांवर तिचं अक्षर आहे, मोत्यासारखं, आणि त्याच्या मागे माझं हे.

आमच्या मागच्या भिंतीवर मी एक कोंबडी काढली आहे. येणारंजाणारं विचारतं, ही कोणाची? मला चारचौघांत बोलता येत नाही. समोर माणूस आलं की शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसतात. म्हणून इथे लिहिते.

आमच्या गावात कोंबडी वाट्याने देतात. ज्या बाईकडे कोंबड्या जास्त असतात ती एखादी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, दुसरीला सांभाळायला देते. दाणापाणी सांभाळणारीचं, कोंबडी देणारीची. अंडी निम्मी-निम्मी, पिल्लं निघाली की तीही. कोंबडी म्हातारी होऊन अंडं बंद झालं की ती परत मालकिणीकडे. मधेच मेली तर खूण दाखवायची. पाय, नाहीतर मूठभर पंख. मुंगसाने मारली, कुत्र्याने ओढली, रोगाने गेली, कशीही गेली तरी खूण दाखवली की कोणी कोणाचं देणं लागत नाही. खूण नसेल तर कोंबडीची किंमत भरायची. यात कोणी राग मानत नाही. आमच्या सासूच्या वेळेपासून हे असंच चालत आलं आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला खाला राहतात. माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्यांचे मालक सुतळीच्या खाटा-बाजा विणायचे, आता ते नाहीत, पण अंगणात सुतळीची भेंडोळी अजून लटकलेली असतात आणि त्यांच्या खालून पंधरा-वीस कोंबड्या फिरत असतात. पाच वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे ताक न्यायला गेले होते. एक तांबूस तलंग बाजेखालून निघाली, माझ्यापाशी आली आणि माझ्या पायाच्या जोडव्याला चोच मारून बघितली. मग डोकं वाकडं करून माझ्याकडे बघितलं.

खाला हसल्या. "तेरेकू पसंद कर ली इसने. ले जा वाट्याने."

मी तिला पदरात घेतलं. घरी येईपर्यंत ती पदरात अजिबात हलली नाही. फक्त तिचं काळीज माझ्या पोटाला लागून फडफडत होतं, आणि कुठलं तिचं, कुठलं माझं, हे वाट संपेपर्यंत मला सांगता आलं नसतं.

नाव मी ठेवलं नाही. दुसऱ्याची होती, नाव कशाला? तांबडी म्हणायचे.

पहिल्या वर्षी ती अंड्यावर आली तेव्हा तिने गोवऱ्यांच्या मागे जागा शोधली, मग तिथून उठून माझ्या गोधडीच्या बोचक्यावर येऊन बसली, आणि तिथेच अंडं घातलं. ती खुडूक होऊन उबवायला बसली की अंगणभर एक बारीक आवाज पसरायचा. जात्याचा असतो तसा, पण फार लांबून येणारा. मी भाकरी थापत असले तरी तो आवाज कानात असायचा. पिल्लं निघाली की मी टोपलं घेऊन खालांकडे जायचे, आम्ही दोघी बाजेवर बसून वाटणी करायचो. एक तुझं, एक माझं. विषम आलं तर खाला म्हणायच्या, "ये एक तू रख, तेरे हाथ की बरकत है." एकदा मी ते एक त्यांच्याच टोपल्यात टाकून पळत घरी आले होते.

दुपारी सगळं आवरलं की मी परसात शेवग्याच्या सावलीला बसायचे. हे बुलढाण्याला कामावर गेलेले असायचे. माझे मालक घरं रंगवतात, सकाळी काळीपिवळी जीपने जातात ते संध्याकाळी अंगावर कोणाच्या तरी घराचा रंग घेऊन येतात. दुपारचं घर माझं एकटीचं असायचं. तांबडी यायची, आधी राखेत लोळायची, पंख झटकायची, आणि मग मांडीवर चढून बसायची. तिचं वजन एका भाकरीच्या पिठाएवढंच वाटायचं, पण ऊब मात्र फार. शेवग्याची फुलं पडत राहायची. तिचे डोळे मिटायचे, माझेही मिटायचे. कधी कधी मला वाटायचं की झोपली आहे ती मी नाही, तांबडी आहे, आणि मी तिच्या झोपेतली कोणीतरी बाई आहे, जिला ती रोज दुपारी बघते.

एकदा ह्यांनी न्हाणीपुढे सिमेंटचा ओटा केला. ओला होता. तांबडी या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ चालत गेली.

"अवं, आवर तुह्या पोरीले!" हे ओरडले. "आत्ता हात फिरवला मी!"

मी तिला उचललं. ती माझ्या हातातून ह्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. हे म्हणाले, "उलटून बोलते पाह्य कशी. तू नाही बोलत, तं तिले शिकवलं वाटते." पण त्यांनी ते ठसे पुसले नाहीत. अजून आहेत.

यंदा तिचं अंडं बंद झालं. आधी आठ दिवसांनी एक, मग महिन्याने, मग काहीच नाही. मी खालांना सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण सांगितलंही नाही. तिच्या जागेपाशी बसून मी रोज बघायचे, गोधडीवर नुसता खळगा असायचा. शेवटी खालांनीच विचारलं. मग म्हणाल्या, "जुम्मे को जमाई आनेवाले हैं. उस दिन ले जाती मैं." तोंडात कडवट काही नव्हतं. असंच असतं. कोंबडी त्यांची होती.

त्या रात्रीपासून मी मनात एक वाक्य पाठ करायला घेतलं. खाला, ही मले इकत द्या. एवढंच. पाच शब्द. भांडी घासताना म्हणायचे, शेण काढताना म्हणायचे. गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा गेले. एकदा खाला दारातच होत्या. "क्या बेटी?" म्हणाल्या. मी म्हणाले, "काही नाही, दही आहे का?" आणि नको असलेलं दही घेऊन परत आले.

बुधवारी दुपारी ती राखेत लोळली नाही. सरळ येऊन मांडीवर बसली, मान वळवून पंखात ठेवली. वारा नव्हता. शेवग्याची पानं चिल्लरीसारखी बारीक बारीक चमकत होती. मी तिच्या मानेवरून बोट फिरवत होते, आणि बोट फिरवता फिरवता मला डुलकी लागली. डुलकीत तो जात्यासारखा आवाज होता. मग तो थांबला, आणि तो थांबल्यामुळे मी जागी झाले.

ती तशीच बसली होती. अजून ऊब होती.

खूण मला आठवली नाही असं नाही. आठवली. मी तिच्या पंखातलं एक पीस चिमटीत धरलं आणि ओढलं. ते सुटलं नाही. मला वाटलं, तिला दुखेल. मी चिमूट सोडली. मग माझ्या जुन्या लुगड्याचा पदर फाडला, तिला जशी होती तशीच त्यात गुंडाळली, आणि शेवग्याखाली खोल खड्डा करून पुरलं. वर दगड ठेवला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. हे संध्याकाळी आले, त्यांना म्हणाले, तांबडी गेली. त्यांना वाटलं खाला घेऊन गेल्या. मीही त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला, कारण तो दुरुस्त करायला आणखी एक वाक्य लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी खाला आल्या. हातात टोपलं होतं.

"ला बेटी, मुर्गी दे."

"मेली," मी म्हणाले.

"कब?"

"परवा."

"बीमार थी?"

मी मान हलवली. नाही.

"अच्छा. पाँव दिखा. नै तो पर दिखा, मैं चली जाती."

पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले.

"एक पर बी नै?"

मधल्या भिंतीवरून माझी थोरली जाऊ बघत होती. आमची घरं लागून आहेत, भिंत छातीएवढी आहे, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "काऊन वं," ती म्हणाली, "मेली तं आमाले काऊन नाही समजलं? मसाल्याचा वास बी नाही आला बाप्पा. का देऊळघाटच्या बाजारात इकून आली?" आणि स्वतःच हसली.

खाला हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणायला पाहिजे होतं की तिथे आहे, शेवग्याखाली, लुगड्यात, पूर्ण आहे, मी तिचं काही काढू शकले नाही. शब्द घशापर्यंत आले आणि बसले.

"पाँच साल में तूने मेरा एक अंडा नै छुपाया," खाला हळू आवाजात म्हणाल्या. "और आज एक पर नै तेरे पास." त्यांनी टोपलं काखेत घेतलं. "ठीक है. दस्तूर दस्तूर है. पाँचसौ. जब होंगे तब देना."

त्या गेल्या. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचं रिकामं टोपलं मला दिसत होतं. पैशांचं मला काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की या बाईला आता वाटतं मी खोटारडी आहे, आणि मी तिला तसं वाटू दिलं.

रात्री जेवताना ह्यांना सगळं समजलं, कारण जावेने दारातच सांगितलं होतं.

"दोन पंखं उपटले असते तं तुहे हात झडले असते काय?" हे म्हणाले.

मी भाकरी वाढली.

"पाचशे रुपये! मेलेल्या कोंबडीचे!" मग थोडं जेवले, मग म्हणाले, "जाऊ दे. मी देतो उद्या."

मी मान हलवली.

"मंग कोण देईन?"

"मी," मी म्हणाले. निंदणाचे दिवस होते. मी दुसऱ्यांच्या वावरात जाणारच होते. हे माझं होतं, ह्यांच्या रंगाच्या पैशांतून जायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुरपं घेऊन मी शेवग्याखाली गेले. दगड बाजूला केला. एक पीस, एवढंच पाहिजे होतं, म्हणजे खालांपुढे धरता आलं असतं. दगडाच्या भोवतीने ओली माती होती आणि तिच्यावर रात्रभरात फुलं पडली होती, पांढरी, कोणी मुद्दाम टाकल्यासारखी. मी बराच वेळ तशीच बसले. मग दगड परत ठेवला.

पहिले शंभर मी पंधरा दिवसांनी दिले. खालांनी दारातूनच घेतले. पूर्वी त्या बाज पुढे ओढायच्या, बस म्हणायच्या. आता फक्त "आ गई?" म्हणाल्या. बेटी म्हणाल्या नाहीत. येताना मी गल्लीतली घरं उंबऱ्यांवरून मोजत आले, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

आणि त्याच दिवसांत तांबडीचा चेहरा जायला लागला. हे मी कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. दुपारी डोळा लागला की कोंबडी यायची, पण ती तांबडी नसायची. कधी काळी, कधी ठिपक्यांची, एकदा तर पांढरीशुभ्र, नुकता चुना मारलेल्या भिंतीसारखी. मी तिला म्हणायचे, तू नाही. ती निघून जायची. जागी झाल्यावर मी आठवायला बसायचे आणि आठवायचं नाही. पाच वर्षं मांडीवर बसली, पण मी तिला बघितलं होतं कुठे? बघितलं असेल, पण नीट नाही. ह्यांच्या मोबाइलमध्ये तिचा एकही फोटो नाही. जावेच्या जावयाच्या नव्या मोटरसायकलचा एक आहे, त्यात मागच्या चाकाच्या पलीकडे शेपटीची दोन पिसं दिसतात. काळी, हिरवट झाक असलेली. तेवढीच.

रंगाऱ्याच्या घराची मागची भिंत कोणी रंगवत नाही. आमची नुसती चुन्याची होती, वर पापुद्रे आलेली. बाजेखाली ह्यांचे उरलेले डबे असतात, प्रत्येकाच्या तळाशी बोटभर रंग. एका दवाखान्याचा फिक्का हिरवा, कोण्या शाळेचा पिवळा, कोणाच्या तरी बैठकीचा गुलाबी. एका दुपारी मी गुलाबीचा डबा उघडला, काडीला चिंधी बांधली, आणि भिंतीवर एक गोल काढला. त्याला मान लावली.

संध्याकाळी ह्यांनी बघितलं. "हे काय हाय? कोंबडी हाय का बर्फाचा गोळा?"

मी दुसऱ्या दिवशी चुना मारून ती पुसली. मग दुसरी काढली. तिचे पाय एकाच बाजूला आले. पुसली. मग पुढची. पुसायच्या आधी मी प्रत्येकीकडे थोडा वेळ बघायचे, त्या कोण्या दुसऱ्याच्या का होईना, कोंबड्याच होत्या. आज त्या भिंतीला हात लावला की वाटतं, या पांढऱ्याच्या आत एकावर एक किती जणी बसल्या आहेत, पिसाला पीस लावून, गप्प.

तांबडा रंग डब्यांत नव्हता. तो मी केला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला गेरू होता. तो उगाळला. फार लाल झाला. वीट घासून तिची भुकटी टाकली, तर मातकट झाला. मग चुलीची काजळी चिमूटभर, मग उरलेला चहा. दिवसभर एका वाटीत मी ती कोंबडी शोधत होते. संध्याकाळच्या उन्हात वाटी धरली तेव्हा एक क्षण रंग तिच्या मानेसारखा झाला, आणि ऊन गेलं तसा तोही गेला. तेव्हा मला आठवलं की तिची मानही तशीच होती. उन्हात एक, सावलीत दुसरी. म्हणजे रंग बरोबर होता.

पण भिंतीवर लावला की तो मरायचा. हे एक दिवस लवकर आले. माझ्या मागे उभे राहिले. मी चिंधी लपवली.

"पांढऱ्यावर डायरेक तांबडा नाही उठत," ते म्हणाले. "आधी पिवळ्याचा एक हात दे. वाळू दे. त्याच्यावर तांबडा. मंग आतून उजेड येते." खिशातून एक बारीक ब्रश काढला, खिडकीच्या कडा रंगवायचा, आणि ओट्यावर ठेवला. "चिंधीनं का होते?" एवढं बोलून चहा मागायला आत गेले.

शाळेचा पिवळा कामाला आला.

काढताना एक एक गोष्ट परत यायला लागली. ती कुठे होती इतके दिवस, मला माहीत नाही. हाताला माहीत होती, डोक्याला नव्हती. तिचा तुरा उजव्या डोळ्यावर पडायचा, डोक्यावरून पदर पुढे घेतल्यासारखा. कानाजवळ तांदळाएवढी पांढरी पाळी होती. डाव्या पंखात एकच पीस पांढरं होतं, तेच मी चिमटीत धरलं होतं. एका पायाचं मधलं बोट वाकडं होतं, पण कोणत्या? मी न्हाणीपुढच्या ओट्यावर जाऊन गुडघ्यावर बसले आणि सिमेंटमधल्या ठशांवर बोट फिरवलं. डाव्या. प्रत्येक डाव्या पावलाचं मधलं बोट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. ती तिथून चालत गेली होती आणि अजून जात होती.

डोळा मी उघडा काढला होता. सगळी कोंबडी झाली, पण ती माझ्याकडे बघायची आणि ओळख दाखवायची नाही. चार दिवस मी तिच्यासमोर बसले. पाचव्या दिवशी समजलं की मी तिला शेवटचं तसं बघितलंच नव्हतं. मग मी उभी कोंबडी पुसली आणि बसलेली काढली. मान वळवून पंखात ठेवलेली, डावा पाय तेवढा पोटाखालून पुढे आलेला. कोंबडीचा डोळा आपल्यासारखा वरून मिटत नाही, खालची पापणी वर येते, जसं विहिरीत पाणी चढतं. मी ती पापणी वर आणली, आणि अगदी वर एक बारीक फट ठेवली. ब्रश खाली ठेवला. दुपार होती. जात्यासारखा तो आवाज मला पुन्हा आला, लांबून. मी डोळे मिटले नाहीत, तो थांबेल म्हणून.

तोपर्यंत खालांना तीनशे दिले होते. मग पावसाची झड लागली, आठ दिवस निंदण बंद. पंधरा दिवसांचा मीच धरलेला वायदा चुकला. नवव्या दिवशी ऊन पडलं आणि मी मागे गोवऱ्या पसरत होते, तर समोरच्या दारातून आवाज आला.

"कोई है घर में?"

खाला सरळ मागे आल्या. पैशांना आल्या असतील. मी हात पुसले, मान खाली घातली. जाऊ मधल्या भिंतीपाशी आलीच होती. "खाला, पैशे नाही भेटनार आज. ते पाहा, कोंबडी भिंतीत घातली तिनं. घेऊन जा उपसून."

मी वर बघितलं. खाला मागच्या भिंतीपुढे उभ्या होत्या. मग वाकल्या, चष्मा कपाळावर सरकवला, आणि चेहरा इतका जवळ नेला की मला वाटलं नाकाला रंग लागेल. बोटाने त्यांनी ते वाकडं बोट दाखवलं.

"ये तेरेकू याद है?"

मी मान हलवली.

"इतनीसी थी," खालांनी मुठीएवढं दाखवलं. "इनकी सुतली में पाँव अटका. रातभर लटकी रही. सुबह इन्होंने सुतली काटी. पूरी बाज उधेड़नी पड़ी इस चूजे के पीछे. बोले, बाज फिर बुन लूँगा." त्यांचे मालक त्याच साली गेले होते. मला हे बोट जन्माचं वाटलं होतं.

मग त्यांचा हात वर मानेपर्यंत आला. पंखात ठेवलेल्या मानेपर्यंत, डोळ्याच्या फटीपर्यंत. आयुष्यभर कोंबड्या पाळलेली बाई. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ऐसेच बैठी बैठी गई?"

"हाव."

"कहाँ बैठी थी?"

मी माझी मांडी दाखवली.

"और रखी कहाँ?"

मी शेवग्याखालचा दगड दाखवला. खाला दगडाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "पूरी?"

"हाव. पीस नाही निघालं मह्या हातानं."

जावेने मधल्या भिंतीवरचं शेवग्याचं एक पान उचलून खाली टाकलं आणि आत गेली.

खाला ओट्यावर बसल्या, त्या ठशांच्या बाजूला. कमरेचा बटवा काढला, दोरी सोडली, आणि माझेच तीनशे रुपये बाहेर काढले. वेगळे ठेवलेले होते, एका घडीत. ते त्यांनी ओट्यावर ठेवले. "ले बेटी. निशानी दिखाई तूने. देर से दिखाई. अब मेरा कुछ देना नै तेरेकू."

बेटी म्हणाल्या. मी ते पैसे उचलले आणि त्यांच्या बटव्यावर परत ठेवले.

"क्या हुआ?"

वाक्य तेच होतं, तांबडी असताना पाठ केलेलं. तेव्हापासून ते तिथेच बसलं होतं, घशात. आता ते आपोआप निघालं, आणि मला माझाच आवाज अनोळखी वाटला. "खाला, ही मले इकत द्या."

"मरी हुई मुर्गी?"

"हाव. पुरी. मले सांगताच आलं नव्हतं तवा. दोनशे राह्यले. सोंगणीले देते."

खाला हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी ओढणीने डोळे पुसले. "पागल है तू. जमाने में पहली बाई देखी जो मरी मुर्गी मोल लेती." पण तीनशे त्यांनी बटव्यात टाकले. जाताना पुन्हा भिंतीपुढे थांबल्या. "पाँव इसका अच्छा निकाला," म्हणाल्या.

सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, मी बारा दिवस गेले. हातांना शेंगांचे काटे रुतले होते, बोटं ब्रश धरण्याजोगी नव्हती. सगळे पैसे घरात दिले, दोनशे तेवढे पदराला बांधून ठेवले. दुपारी ऊन कलल्यावर खालांकडे गेले. गल्लीतली घरं मोजली नाहीत. खालांनी मला बघून बाज पुढे ओढली. मी बसले. बाजेखालून एक पिवळं पिल्लू निघालं आणि माझ्या पायापाशी येऊन परत गेलं.

मी पदराची गाठ सोडली. ती घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. दोन्ही नोटा खालांच्या हातावर ठेवल्या. खालांनी अंगठा जिभेला लावून त्या मोजल्या, दोनच होत्या तरी मोजल्या, आणि मागच्या तीनशेच्या घडीत घालून बटव्याची दोरी ओढली.

"पूरे हो गए," त्या म्हणाल्या.